पितळी माणसाचा शेवट

छप्पन सालच्या दिवाळीनंतर डोईफोडियाच्या शाळेवर माझी नेमणूक झाली. मी बऱ्हाणपूर शहरात वाढलेली आणि डोईफोडिया म्हणजे जंगलाच्या कडेचं गाव, त्यामुळे आमच्या घरी बरीच खळखळ झाली. शेवटी वडील स्वतः मला पोचवायला आले. त्यांनी गावात दोन-तीन घरं पाहिली आणि कडूभाऊ नावाच्या शेतकऱ्याच्या घरातली ओसरीलगतची खोली माझ्यासाठी ठरवली. निघताना म्हणाले, "मालती, या घरातली बाई बोलकी आहे. तुला करमेल."

ती बोलकी बाई म्हणजे कडूभाऊंची बायको धुरपदाबाई. उंच, काटक, आवाज खणखणीत. एकुलती एक मुलगी सासरी गेलेली, त्यामुळे घरात नवरा-बायको दोघंच. मी पहिल्या दिवसापासून तिला मावशी म्हणू लागले आणि ती मला मास्तरीणबाई.

कापसाची वेचणी नुकतीच सुरू झाली होती. रोज दिवेलागणीला कोणीतरी शेतकरी ओसरीवर येई, पाणी पिई, इकडचं तिकडचं बोले आणि मग हळूच विचारी, "उद्या धुरपदा कोणाच्या वावरात हाये?" मला नवल वाटलं. वेचणाऱ्या बाया गावात पुष्कळ होत्या. हिच्यातच असं काय होतं?

"ती जिथं जाईन तिथं बाया जातात," कडूभाऊ म्हणाले. "ते तिच्या पिच्चरसाठी."

"कसला पिच्चर?"

कडूभाऊ हसले. "मास्तरीणबाई, रविवारी वावरात जाऊन बसा. समजीन."

रविवारी मी गिरधरभाऊंच्या शेतात गेले. वीस-पंचवीस बाया ओळीनं कापूस वेचत होत्या. कमरेला कापसाच्या ओट्या, दोन्ही हात बोंडांत, आणि मधल्या ओळीत धुरपदाबाई. ती वेचताही होती आणि सांगतही होती. एक शास्त्रज्ञ म्हातारा डोंगरात राहतो. तो पितळेचा माणूस बनवतो. छातीत दिवा, डोक्यात चक्रं. एक दुष्ट सेनापती तो पितळी माणूस पळवतो आणि त्याच्या जोरावर सगळा मुलूख ताब्यात घ्यायला निघतो. शास्त्रज्ञाची मुलगी घोड्यावर बसून त्याच्या मागे लागते. ती धावत्या आगगाडीच्या टपावरून पळते, तुटलेल्या झुलत्या पुलावरून दरी ओलांडते, एकटीच पाच-पाच शिपायांना लोळवते.

पितळी माणूस बोलायचा तेव्हा धुरपदाबाई तोंडापुढे ओंजळ धरून रांजणातून आल्यासारखा आवाज काढी. घोडा दौडायचा तेव्हा मांडीवर थाप मारी, पण दुसरा हात बोंडावरून निघत नसे. बाया तिच्या तालावर वेचत जात. गिरधरभाऊंना त्या तालाचाच फायदा होता. पुढचं ऐकायचं म्हणून कोणी मागे रेंगाळत नसे आणि कोणी लवकर घरीही जात नसे.

संध्याकाळी मी विचारलं, "मावशी, हे सगळं तुम्हाला कुठून सुचलं?"

"मले कुठून सुचतं? पाह्यलं मी. डोयानं पाह्यलं."

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. ती नवी नवरी होती. सासरे कापूस घेऊन बऱ्हाणपूरला निघाले तेव्हा नवरा-नवरीला तापीचं स्नान घडावं म्हणून दोघांनाही गाडीत घेतलं. गाड्या जैनाबादला, म्हणजे तापीच्या अलीकडच्या काठाला सोडल्या होत्या. पलीकडे राजघाटाखालच्या वाळूत फिरत्या सिनेमाचा तंबू उभा होता. कडूभाऊंनी वडिलांपुढे मान खाली घालून परवानगी काढली. आत मधोमध कापड लावलेलं, एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बाया. धुरपदाबाईनं त्याआधी सिनेमा सोडा, विजेचा दिवासुद्धा पाहिला नव्हता. पहिल्यांदा पाहिला तो त्या पितळी माणसाच्या छातीतला.

"मी घाबरून बाजूच्या बाईचा हात धरला," ती म्हणाली. "मंग ती पोरगी घोड्यावर आली. तिच्यापायी मी हात सोडला."

आणि अगदी शेवटी, पितळी माणूस दरीच्या काठावर उभा आहे, सेनापती त्याला मुलीला खाली ढकलायचा हुकूम देतोय, अशा वेळी तंबूच्या बाहेरून, नदी ओलांडून आलेल्या सासऱ्यांची हाक आली. सिनेमाच्या इंजिनाच्या धडधडीनं जैनाबादच्या काठावर बांधलेला बैल बुजून दावं तोडून पळाला होता. नवरा-बायको दोघंही उठले. बैल सापडेपर्यंत तंबूतली माणसं घरी गेली होती आणि दुसऱ्या दिवशी गाड्या परत निघाल्या.

"म्हणजे शेवट तुम्ही पाहिलाच नाही?"

"नहीच पाह्यला. अन् मी कोणाले खोटं सांगतलं नही. मी बायाईले पहिल्यांदाच म्हणली, शेवट मले ठाऊक नही, पण असा झाला असीन. मंग त्या म्हणे, असा नही, तसा झाला असीन. तवापासून हेच चाललं."

खरंच तसंच चाललं होतं. शेवट दर हंगामाला बदलत असे, आणि त्यावर शेतात भांडणं होत. तापाची साथ आली त्या वर्षी पितळी माणसानं सेनापतीला झुगारून आजारी माणसं खांद्यावरून दवाखान्यात नेली. नेपानगरला कागदाचा कारखाना उभा राहिला तेव्हा बाया विचारू लागल्या की तिथल्या यंत्रांच्या पोटात असाच कोणी आहे का. तेव्हा काही दिवस तो तिथे बांबू फोडायला गेला. शेजारच्या भागाबाईला यातलं काही पटत नसे. भागाबाई ठेंगणी, तोंडाची फटकळ. तिचं म्हणणं एकच, पितळी माणूस मरता कामा नये. धुरपदाबाईनं एकदा त्याला दरीत पाडून पाहिला, तर भागाबाई ओटीतला कापूस ढिगावर टाकून घरी निघून गेली आणि आठवडाभर बोलली नाही.

मी गेले त्या वर्षीचा शेवट मला सर्वांत आवडला. धुरपदाबाईचं माहेर डोंगरापलीकडे, बुलढाण्याच्या बाजूला. नवी राज्यं झाली आणि ते माहेर मुंबईकडे गेलं, आम्ही राहिलो मध्यप्रदेशात. शाळेचे कागद नागपूरऐवजी भोपाळहून येऊ लागले होते. मोठी माणसं पारावर बसून यावर तावातावानं बोलत. धुरपदाबाई पारावर जाऊ शकत नव्हती. तिच्या त्या वर्षीच्या शेवटात पितळी माणूस डोंगरावर उभा राहिला, एक पाय इकडे, एक पाय तिकडे, आणि ज्या बाईला माहेरी जायचं असेल तिला उचलून अलगद पलीकडे ठेवू लागला. हे ऐकताना दोन-तीन बायांनी पदरानं डोळे पुसले. भागाबाईही त्या दिवशी शेवटपर्यंत वेचत राहिली.

माघात मी सुट्टीला घरी गेले होते. वडिलांनी वर्तमानपत्र पुढे केलं. "तुझी ती मावशी ज्याच्या गोष्टी सांगते तो हाच का बघ." बऱ्हाणपूरच्या टॉकीजची जाहिरात होती. जुना गाजलेला स्टंटपट पुन्हा लागत होता. चित्रात छातीत दिवा असलेला माणूस आणि मागे घोडा. बायकांसाठी दुपारचा वेगळा खेळ होता.

मी परतले ती बातमी घेऊनच. मला वाटलं होतं धुरपदाबाई आनंदानं उडी मारेल. ती चुलीपुढे बसून राहिली. भाकरी करपायला लागली तेव्हा कुठे उलटली.

"जायाचं का नही, सांगा तुम्ही," ती मला म्हणाली.

"का नाही जायचं?"

"माया ध्यानात लय मोठा हाये तो. आता मी चाळिशीले आली. तवा काही पाह्यलेलं नव्हतं म्हणून मोठा दिसला असीन. लहानपणी वाटते ना, आपल्या गावचा नाला म्हणजे नदी. मंग?"

कडूभाऊ ओसरीवरून ऐकत होते. ते म्हणाले, "तू नको जाऊ. मी जातो. मले शेवट पाहाचा हाये." एवढं ऐकल्यावर ती ताडकन उठली.

कापसाच्या गाड्या तशाही बऱ्हाणपूरला जायच्याच होत्या. दोन गाड्या वाढल्या आणि त्यात बाया बसल्या. वाटेत एक मुक्काम करून जैनाबादवरून तापी ओलांडली. मी शाळेतून रजा घेऊन आधीच शहरात आले होते आणि त्यांची वाट पाहत थांबले होते. बाया राजघाटावर न्हाल्या, ठेवणीतली लुगडी नेसल्या आणि रांगेनं टॉकीजकडे निघाल्या. रस्त्यावरची माणसं पाहत राहिली. कडूभाऊ आणि गाडीवाले बाहेर चहाच्या दुकानाशी बसले, कारण खेळ बायकांचा होता.

मी धुरपदाबाईच्या एका बाजूला, भागाबाई दुसऱ्या बाजूला. दिवे गेले. पडद्यावर रेघा पडत होत्या, आवाज मध्येच फाटत होता. पितळी माणूस पडद्यावर आला आणि शहरातल्या मुली फिदीफिदी हसू लागल्या. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं. तो पत्र्याचा होता हे स्पष्ट दिसत होतं. कोपराजवळ पत्रा सरकला की आतल्या सदऱ्याची बाही दिसे. मी चोरून धुरपदाबाईकडे पाहिलं. ती पुढे वाकून बसली होती, हसत नव्हती आणि रडतही नव्हती. बोटं मांडीवर हलत होती, कापूस वेचावा तशी.

मग आगगाडी आली. ती मुलगी घोड्यावरून गाडीच्या टपावर चढली, डब्यामागून डबे ओलांडत पळाली. झुलत्या पुलाच्या तुटक्या दोराला धरून दरीवरून झेपावली. उजेडात कमरेची बारीक दोरी चमकली. "दोरी, दोरी!" मागून मुली ओरडल्या.

धुरपदाबाई मागे वळली. "दिसली दोरी. बरं मंग? उडी तं तिनंच मारली ना? तुम्ही मारता का दोरी बांधून?"

हसणं थांबलं. आणि मी पहिल्यांदा नीट पाहिलं. पुलाखाली खरीच दरी होती. त्या बाईच्या पायाखाली खरंच काही नव्हतं.

अखेर तो प्रसंग आला. दरीचा काठ, सेनापतीचा हुकूम, पितळी माणसानं उचललेला हात. आमच्या रांगेतल्या बाया पुढे सरकून बसल्या. इथून पुढचं कोणालाच ठाऊक नव्हतं.

पितळी माणूस थांबला. छातीतला दिवा फडफडला आणि तो स्वतःच मागच्या मागे दरीत कोसळला.

"मेला!" भागाबाई किंचाळली. "मेला ना! मी म्हणत व्हती, त्याले मारू नका!" ती उठायलाच लागली. धुरपदाबाईनं तिला हाताला धरून खाली बसवलं. सिनेमा संपला नव्हता. सेनापती मुलीला तिथेच टाकून किल्ल्याकडे निघून गेला होता. सगळा मुलूख त्याच्यापुढे गुडघे टेकत होता. इतक्यात किल्ल्याच्या दरवाजात पितळी माणूस उभा राहिला, जसाच्या तसा, छातीत दिवा घेऊन. शिपाई भाले टाकून पळाले. सेनापती हुकूम देतो, पितळी माणूस ऐकत नाही. तो एकेक पाऊल पुढे येतो, तसा सेनापती एकेक पाऊल मागे सरकतो, सरकत सरकत तटावरून खाली पडतो. मग पितळी माणूस दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं उचलतो. आतून लांब केस खांद्यावर पडतात. ती मुलगी! दरीत उतरून तिनं तो पितळेचा सांगाडा स्वतःच्या अंगावर चढवला होता.

बायकांचा जो गलका उठला तो बाहेर कडूभाऊंना ऐकू गेला. आमच्या रांगेतल्या बाया उभ्या राहिल्या होत्या. मघा हसणाऱ्या मुली टाळ्या पिटत होत्या. भागाबाई माझ्या दंडाला धरून मला गदागदा हलवत होती. धुरपदाबाई मात्र बसल्या जागी बसली होती. दिवे लागले तरी ती पडद्याकडेच पाहत होती.

बाहेर कडूभाऊ धावत आले. "काय झालं? मेला का?"

"मी नही सांगत," ती म्हणाली. "संध्याकायच्या खेळाले जा अन् पाहा."

राजघाटाच्या पायऱ्यांवर बसून बायांनी शिदोरी सोडली. बोलणं अर्थातच त्याचंच. भागाबाईचं ठाम मत होतं, "धुरपदे, तुयाच शेवट चांगला व्हता. डोंगरावरचा. हा काय, पितळ्या मेलाच की."

"नही, भागाबाई." धुरपदाबाईनं भाकरीचा तुकडा खालीच ठेवला. "हा चांगला. मी एवढे हंगाम शेवट करत बसली. त्याले दवाखान्यात नेलं, कारखान्यात नेलं, डोंगरावर उभा केला. सगयं त्या पितयाचं केलं. ती पोरगी तिथंच उभी व्हती, दरीच्या काठावर. तिचं काय झालं ते माया मनातच आलं नही. मी बाई असून नही आलं. ज्यानं कोणी हे लिहिलं त्याच्या डोक्यात आलं. काय माणूस असीन तो!"

तिच्या बोलण्यात खंत होती, पण ती थोडी. बाकी सगळा आनंद होता. आपल्यापेक्षा मोठा गाणारा भेटला की गाणाऱ्याचा चेहरा जसा उजळतो, तसा तिचा चेहरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी गाड्या परत गेल्या. धुरपदाबाई आणि कडूभाऊ मागे राहिले. कडूभाऊंनी आदल्या संध्याकाळी शेवट पाहिला होता आणि रात्री ते आमच्या घरी उतरले होते. झोपताना म्हणाले, "त्या बैलाले मी तवा लय मारलं व्हतं."

धुरपदाबाईला पुन्हा बघायचा होता. "शेवट पाहून झाला की," मी म्हटलं.

"शेवट पाह्यला. आता तो लपवला कुठं व्हता ते पाहाचं हाये."

मी तिच्याबरोबर दुपारच्या खेळाला पुन्हा बसले. अर्धा तास झाला असेल नसेल, तिनं माझा हात दाबला. पडद्यावर शास्त्रज्ञाच्या घरातला एक हलकाफुलका प्रसंग चालू होता. पितळी माणूस अजून पुरा झालेला नव्हता. मुलगी त्याच्या शेजारी उभी राहून आपली उंची मोजते, त्याचं डोकं गमतीनं स्वतःच्या डोक्यावर ठेवते आणि बाप रागावतो. आदल्या दिवशी या प्रसंगाला सगळ्या हसल्या होत्या आणि विसरून गेल्या होत्या.

"पाह्यलं?" ती कुजबुजली. "इथंच सांगून ठेवलं त्यानं. आपल्या डोयापुढं. अन् आपण हसलो."

तिसऱ्या खेळालाही ती गेली. त्या वेळी ती पडद्याबरोबर बघणारी माणसंही बघत होती. कोणत्या वाक्याला बाया हसतात, कुठे गप्प होतात, मारामारीनंतर थोडा वेळ शांत का ठेवलाय, घोडा आधी ऐकू येतो आणि मग दिसतो, असं. परतीच्या वाटेवर ती हे सगळं मला सांगत होती. मी शिकलेली बाई, पण सिनेमा असा कोणी पाहतो हे मला माहीत नव्हतं. तिला मात्र तो रोजच्या कामासारखा पाहता येत होता, कारण ते तिचंच काम होतं.

पुढच्या हंगामात पहिल्या वेचणीला ती गिरधरभाऊंच्याच शेतात होती. आसपासच्या पाड्यांवरच्या बऱ्याच नव्या बाया आल्या होत्या. त्यांनी सिनेमा पाहिलेला नव्हता. भागाबाईनं आधीच बजावलं होतं, "धुरपदे, डोंगरावरचाच शेवट सांगजो."

"नही. ज्याचा हाये त्याचाच सांगीन."

तिनं सांगितलं. सगळं पहिल्यापासून, आणि या वेळी मुलीनं पितळी डोकं घालून पाहायचा प्रसंगही सहज, बोंड तोडता तोडता, कोणाच्या लक्षात येणार नाही असा. दुपार उतरेपर्यंत ती किल्ल्याच्या दरवाजापर्यंत आली. मग तिनं एक केलं, जे ती गोष्ट सांगताना कधीच करत नसे. तिनं वेचणं थांबवलं. कमरेची ओटी सोडली, बांधावरची रिकामी गोणी डोक्यावरून घेतली आणि कापसाच्या दोन ओळींमधून जड पावलं टाकत चालू लागली. एक पाऊल. एक पाऊल. एकेक बाई सरळ उभी राहिली. पलीकडच्या बांधावरून गिरधरभाऊ ओरडले, "काय गं, हात काहून थांबले?" कोणी वळूनही पाहिलं नाही.

धुरपदाबाईनं दोन्ही हातांनी गोणी धरली आणि वर उचलली. अंबाडा सुटून केस पाठीवर पडले. त्यात कापूस अडकला होता.

पाड्यावरची एक पोरसवदा बाई हळूच म्हणाली, "म्हणजे... आत बाईच व्हती?"

"बाईच व्हती," भागाबाई सगळ्यांच्या आधी बोलली. शेवट तिनंच लिहिला असावा इतक्या तोऱ्यात.